चोथा, गाळ आणि साठ दिवस

बिअरच्या पातेल्यातला चोथा गाळायला जाळी किती बारीक हवी? प्रश्न तसा साधा. पण नोकरी गेलेल्या माणसाच्या गॅरेजमध्ये तो विचारला, की उत्तर जरा वेगळं मिळतं...

शुक्रवारची संध्याकाळ, ऑफिसचा ग्रुप, बाणेर नाहीतर लोअर परळच्या मायक्रोब्रुअरीतलं मोठं टेबल आणि प्रत्येकासमोर एक मग. कुणीतरी मेन्यूकार्डावरचं ‘हॉपी’, ‘सिट्रसी’ वगैरे वाचून दाखवतं आणि बाकीचे कळल्यासारख्या माना डोलावतात. पण मंडळी, एक प्रश्न कधी पडलाय का तुम्हाला? बिअर ज्याच्यामुळे कडू लागते, तो पाला शेवटी जातो कुठे? चहाची पावडर गाळणीत राहते, काढ्याचा चोथा फडक्यात राहतो. मग बिअरचा चोथा?

मलाही तो प्रश्न कधी पडला नव्हता. पडला तो २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, अमेरिकेच्या ओरेगन राज्यात. पोर्टलंडला चिकटून बीव्हर्टन नावाचं गाव आहे, तिथे माझा दादा आणि वहिनी राहायचे. त्यांच्या गॅरेजमध्ये स्टूलवर बसून मी आयुष्यात पहिल्यांदा बिअर बनताना बघितली. आणि खरं सांगू? बिअर बनवण्यापेक्षा ती गाळण्यातच जास्त वेळ गेला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हे वाचून कुणी बाल्कनीत पातेलं चढवू नका. आपल्याकडे महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे. अमेरिकेतसुद्धा ही मोकळीक फार जुनी नाही बरं का! तिथली दारूबंदी १९३३ मध्ये उठली, घरी वाइन बनवायला परवानगीही मिळाली, पण घरच्या बिअरचं मात्र राहूनच गेलं. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि १९७९ पासून केंद्राच्या कायद्यानं ती चालू लागली. एका घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर. विकायची मात्र नाही. अलाबामा आणि मिसिसिपी या दोन राज्यांनी तर २०१३ पर्यंत वाट बघायला लावली. ओरेगनमध्ये असला काही प्रॉब्लेम नाही. पोर्टलंडला लोक लाडानं ‘बिअरव्हाना’ म्हणतात, म्हणजे बघा.

बादलीवर तारीख नाही

माझं तिकीट मे महिन्यातच काढलेलं होतं. फ्रीलान्सर असण्याचा एकमेव फायदा म्हणजे रजेचा अर्ज कुणाकडे करावा लागत नाही. ३ सप्टेंबरला पोहोचायचं, दादाकडचा गणपती बघायचा, थोडं फिरायचं, थोडं लिहायचं आणि ऑक्टोबरच्या मध्यावर परत, असा प्लॅन.

एअरपोर्टवर दोघंही न्यायला आले होते. वर्किंग डे, दुपारचे तीन, आणि दादा हाफ पँटमध्ये. मी म्हटलं, ‘‘काय रे, सुट्टी टाकलीस माझ्यासाठी?’’ तो नुसता हसला. पार्किंगमध्ये तो बॅगा डिकीत टाकत असताना वहिनीनं हळूच सांगितलं, ‘‘शुक्रवारी त्याचा लास्ट डे होता. आई-बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू पण बोलू नकोस हं.’’

शुक्रवार म्हणजे ३० ऑगस्ट. अख्खी टीमच घरी पाठवली होती. ज्यांचं कुणी अमेरिकेत आहे त्यांना यापुढचं गणित पाठ असेल. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, की जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीनं त्याच्यासाठी अर्ज दाखल करायचा, नाहीतर दुसरा कुठला तरी स्टेटस मागायचा, नाहीतर बॅगा भरायच्या. नऊ वर्षं तिथे राहिलेल्या माणसाला साठ दिवस! दादानं कॅलेंडरवर मोजून ठेवलं होतं, साठावा दिवस २९ ऑक्टोबर. वहिनीनं भिंतीवरचं कालनिर्णय उलटून बघितलं तर त्या दिवशी धनत्रयोदशी.

दादा पहिल्यापासून टिपिकल इंजिनीअर. टेन्शन आलं की तो बोलत नाही, काहीतरी खोलून बसतो. लहानपणी घरातला मिक्सर, रेडिओ, बाबांचं इस्त्रीचं प्लग, सगळं त्याच्या हातून गेलेलं. या वेळी त्यानं गॅरेजच्या माळ्यावरून होमब्रूचं सामान खाली काढलं. तीस लिटरचं स्टीलचं पातेलं, तांब्याच्या नळीचं वेटोळं, एक बादली, रबरी नळ्या. दोन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेलं आणि कामाच्या रगाड्यात जेमतेम तीनदा वापरलेलं.

१४ सप्टेंबरचा शनिवार ठरला. दादानं पांढऱ्या बादलीवर मास्किंग टेपची पट्टी चिकटवली आणि मार्करनं त्यावर तारखेऐवजी नुसतं ‘१५’ लिहिलं. पंधरावा दिवस. दोन आठवडे आंबायला, दोन आठवडे बाटलीत. ‘‘४३ व्या दिवशी तयार,’’ तो म्हणाला. मी काही बोलले नाही. त्याच्या डोक्यात आता सगळंच त्या साठ घरांच्या पट्टीवर मोजलं जात होतं.

काढा, पण गोड

आता थोडं बिअरचं शास्त्र. घाबरू नका, आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेतच सांगते.

बार्ली भिजवायची, मोड आणायचे आणि वाळवायची, की झालं माल्ट. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो ना, त्याचाच भाऊ. हे माल्ट भरडून साधारण ६५ ते ६७ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचं. धान्यातल्या पिठूळपणाची साखर होते. मग धान्य बाजूला काढायचं आणि उरलेलं गोड, तपकिरी पाणी घ्यायचं. त्याचं नाव वर्ट. मी बोट बुडवून चाटलं, तर पातळ केलेल्या काकवीसारखं लागलं.

या वर्टला तासभर सणसणीत कढ द्यायचा आणि त्यात टाकायचा हॉप. हॉप म्हणजे वेलीवर येणारी हिरवी, कागदी पाकळ्यांची बोंडं. गंमत म्हणजे ही वेल गांजाच्याच कुळातली. (दादानं हे आई-बाबांना कधीच सांगितलेलं नाही!) अमेरिकेतला बहुतेक सगळा हॉप पिकतो तो शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात, ओरेगनमध्ये आणि आयडाहोत. सप्टेंबर म्हणजे तोडणीचा हंगाम. त्या दिवसांत विलॅमेट खोऱ्यातल्या हॉपच्या मळ्यांजवळून गाडी गेली, की संत्र्याची साल आणि ओलं गवत एकत्र कुस्करल्यासारखा वास येतो.

सुरुवातीला टाकलेला हॉप तासभर उकळून कडूपणा देतो. शेवटच्या काही मिनिटांत टाकलेला वास देतो. म्हणजे आपली फोडणी आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर, तोच फंडा. दादानं तीन वेळा मिळून ११५ ग्रॅमच्या आसपास कॅस्केड जातीचा हॉप टाकला. कॅस्केड ही ओरेगनमधल्याच कॉर्व्हॅलिसच्या संशोधनातून आलेली जात. अमेरिकन क्राफ्ट बिअरला जो मोसंबीसारखा वास येतो, त्याची सुरुवात हिच्यापासून झाली म्हणतात.

खरी भानगड पुढे आहे. अख्खी बोंडं वापरली तर ती पातेल्यात तरंगतात, मोठ्या गाळणीत सहज अडकतात आणि त्यांचाच एक थर होऊन बाकीचा कचरा अडवतात. पण बहुतेक घरचे ब्रुअर वापरतात हॉपच्या गोळ्या. बोंडं दळून, दाबून केलेल्या, कोंबडीच्या खाद्यासारख्या दिसणाऱ्या. ठेवायला सोप्या, जागा कमी, वास टिकतो. मात्र उकळत्या वर्टमध्ये पडल्या, की दोन मिनिटांत विरघळल्यासारख्या फुटतात आणि सगळीकडे पसरतो हिरवा चिखल. त्यात भर म्हणून बार्लीतली प्रथिनं उकळताना आणि गार होताना साकळतात, फाटलेल्या दुधाच्या कण्यांसारखी. हा सगळा मिळून तळाचा गाळ. इंग्रजीत त्याला ट्रब म्हणतात.

सगळ्यात बारीक जाळी

उकळून झालं. तांब्याचं वेटोळं पातेल्यात सोडून आतून नळाचं गार पाणी फिरवलं, पंचवीस मिनिटांत वर्ट २० अंशांवर आलं. आता ते बादलीत ओतायचं, यीस्ट टाकायचं आणि झाकण लावायचं. बस्स.

पण दादाला चोथ्याचा एक कणही बादलीत जायला नको होता. त्यानं नवं नरसाळं आणलं होतं, गळ्याशी स्टीलची जाळी असलेलं. ती जाळी इतकी बारीक, की उजेडासमोर धरली तर नुसतं धुकं दिसावं. ‘‘बघ आता, कशी क्रिस्टल क्लिअर निघते,’’ असं म्हणून त्यानं पहिलं भांडं ओतलं.

पहिला एक लिटर झकास गेला. दुसरं भांडं अर्ध्यावर आलं आणि धार थेंबांवर आली. तिसऱ्याला थेंबही थांबले. जाळीवर शेणानं सारवल्यासारखा हिरवा थर बसला होता आणि वर वर्टचं तळं. दादानं निर्जंतुक केलेल्या चमच्यानं तो खरवडला. एक घोट खाली गेला आणि जाळी पुन्हा बंद. पुन्हा खरवडणं. पुन्हा बंद. मग त्याला कॉफी फिल्टर आठवला. तो तर पहिल्या पळीलाच बसला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गार झालेलं, गोड, उघडं वर्ट म्हणजे हवेतल्या जंतूंसाठी लग्नाची पंगत. उकळताना काळजी नसते, पण गार झाल्यावर ते जितका वेळ उघडं, तितकी आंबट बिअर होण्याची शक्यता जास्त. वीस मिनिटं झाली होती, बादलीत जेमतेम चार लिटर, पातेल्यात पंधरा. दादाच्या कपाळावरची शीर मला स्टूलवरून दिसत होती. हे सगळं बिअरसाठी चाललेलं नाही, हे तिघांनाही कळत होतं.

वहिनी दारात उभी होती. ती मूळची नगरची, उन्हाळ्यात आजीकडे कुरडया घालत मोठी झालेली. ती म्हणाली, ‘‘अरे, तुला ओतायची घाई काय आहे? बसू दे की जरा. चीक आपण रात्रभर बसू देतो ना, मग वरचं पाणी अलगद काढतो. ढवळलेलं गाळायला गेलं तर फडकंच फाटेल.’’

दादा तिच्याकडे बघतच राहिला. कारण होमब्रूच्या पुस्तकात हेच लिहिलेलं होतं, नाव तेवढं वेगळं, व्हर्लपूल.

आइन्स्टाइनची चहापत्ती

व्हर्लपूलची रीत अशी. तांब्याचं वेटोळं आधी बाहेर काढायचं, नाहीतर भोवरा नीट होत नाही. मग लांब दांड्याच्या निर्जंतुक केलेल्या चमच्यानं एकाच दिशेनं जोरात ढवळायचं, मिनिटभर, पाणी गरगर फिरायला लागेपर्यंत. चमचा काढायचा, झाकण ठेवायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही.

डोकं असं म्हणतं की फिरवल्यावर सगळा चोथा कडेला फेकला जाईल. होतं उलटंच! चहाच्या कपात चमचा फिरवून बघा, पत्ती मध्यभागी गोळा होते. याचं कारण १९२६ मध्ये साक्षात आइन्स्टाइननं सांगितलं होतं. तो खरं तर नद्यांना वळणं का पडतात यावर लिहीत होता आणि उदाहरण दिलं ते चहाच्या कपाचं. फिरणारं पाणी तळाशी घासून मंद होतं, त्यामुळे तळापाशी एक उलटा प्रवाह कडेकडून मध्याकडे वाहतो आणि जाता जाता पत्ती गोळा करून नेतो. मोठ्या ब्रुअऱ्यांमध्ये याच तत्त्वावर चालणाऱ्या मोठाल्या गोल टाक्या असतात. जाळी नाही, फडकं नाही, नुसता भोवरा आणि वेळ.

त्या वीस मिनिटांत आम्ही तिघं ड्राइव्हवेवर बसून चहा प्यायलो. शेजारच्यांचा लॅब्रडॉर वास घेत आला, तर दादानं उठून त्याला घालवलं. हॉपचा चोथा कुत्र्यांना फार वाईट. खाल्ला तर अंगातला ताप जिवावर बेतेल इतका चढू शकतो. म्हणून तो चोथा उघड्यावर टाकायचा नाही, झाकणाच्या डब्यातच टाकायचा. तुमचं कुणी तिकडे बिअर बनवत असेल आणि घरात कुत्रा असेल, तर एवढं नक्की कळवा.

झाकण काढलं तेव्हा वर नितळ तांबूस वर्ट आणि तळाशी मधोमध हिरवी टेकडी. दादानं रबरी नळीच्या तोंडाला रंगाच्या दुकानात मिळते ती नायलॉनची गाळण-पिशवी उकळून बांधली. तिचा विणकाम चांगला मोकळा. नळीचं तोंड कडेला ठेवलं, टेकडीपासून लांब, आणि धार सोडली. पंधरा मिनिटांत बादली भरली. तळाशी दीड-दोन लिटर चिखल राहिला, तो सोडून दिला. अनुभवी ब्रुअर हे दोन लिटर हिशेबात धरूनच पातेलं भरतात. त्याच्यासाठी जीव टाकत नाहीत.

‘‘थोडा गाळ गेलाच,’’ दादा बादलीत डोकावून म्हणाला.

गेला तर गेला! उलट थोडा गेलेला बराच म्हणायचा. त्या गाळात स्निग्ध पदार्थ असतात, ते यीस्टला वाढायला उपयोगी पडतात. ओंजळभर गाळानं बिअर बिघडत नाही. पातेलंभर गेला तर मात्र जागा खातो, नळ्या तुंबवतो आणि चवीला गवताळपणा आणतो. म्हणजे मोठं अडवायचं, बारीक जाऊ द्यायचं. बारीक आपोआप खाली बसतं.

तुरटी आणि धीर

नितळपणासाठी आणखी युक्त्या आहेत. कढ संपायच्या पंधरा मिनिटं आधी चमचाभर आयरिश मॉस टाकतात. हे समुद्री शेवाळ, साकळणाऱ्या प्रथिनांना धरून खाली बसवतं. गावाकडे पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात ना, अगदी तसं. बिअर आंबून झाल्यावर दोन दिवस फ्रिजइतक्या गारठ्यात ठेवली, तरी पुष्कळ गाळ तळाला जातो. इंग्लंडमध्ये पारंपरिक बिअर नितळ करायला माशाच्या पोटातल्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरत आले. ग्लासात दिसत काहीच नाही, पण श्रावण पाळणाऱ्यांनी चौकशी केलेली बरी.

आणि एक नियम असा, की ज्याला अपवाद नाही. गाळायचं ते यीस्ट टाकायच्या आधी. तेव्हा वर्ट गाळणीतून खळखळत पडलं, त्यात हवा मिसळली तर चांगलंच, यीस्टला सुरुवातीला ती हवीच असते. पण एकदा आंबणं सुरू झालं, की गाळणीला हात लावायचा नाही. तयार बिअर गाळणीतून ओतली तर हवा लागून तिला काही दिवसांत ओल्या पुठ्ठ्याची चव येते. गढूळ दिसली तरी सोसायचं. वाट बघायची, एवढंच काम उरतं.

दादासाठी हेच सगळ्यात अवघड होतं.

बादली गॅरेजच्या कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणावरच्या नळीतून ‘बुळुक, बुळुक’ सुरू झालं. दादा दर तासाला जाऊन ऐकून यायचा. उरलेला वेळ लॅपटॉपसमोर. त्यानं एक एक्सेल शीट केली होती. पोर्टलंडच हवं. आधीच्यापेक्षा खालची लेव्हल नको. पगार इतक्याच्या खाली नको. स्टार्टअप नको. दुसऱ्या टाइमझोनची टीम नको. रोज दोनशे जागा वरून ओतल्या जायच्या आणि खाली दोन पडायच्या. कधी तेवढ्याही नाही.

रोज सकाळी साडेसातला बाबांचा फोन. ‘‘काय म्हणतंय ऑफिस?’’ आणि दादाचं ठरलेलं, ‘‘ठीक.’’ मी समोर बसून पोहे चिवडत राहायचे. विसर्जनाच्या दिवशी आईनं व्हिडिओ कॉलवर आरती बघितली आणि विचारलं, ‘‘मंगळवार ना रे आज? ऑफिसला दांडी?’’ दादा म्हणाला, ‘‘वर्क फ्रॉम होम.’’

त्या रात्री भांडी आवरताना वहिनी त्याला म्हणाली, ‘‘एक बोलू? रागावू नकोस. तुझी जाळी जरा जास्तच बारीक आहे.’’

तो रागावला. सॉलिड रागावला. गॅरेजमध्ये जाऊन बसला. तासाभरानं मी गेले तर बादलीला टेकून फरशीवर बसला होता, आणि आत बुळुक बुळुक चालू. मला म्हणाला, ‘‘नऊ वर्षांत मी एकही गोष्ट अशी सोडून दिलेली नाही गं. सगळं चेक करूनच पुढे जातो. त्याच्यावरच तर इथवर आलो.’’ मी काय सांगणार? महिन्याचा चेक वेळेवर येईल की नाही, याची गॅरंटी नसलेली मी. शेजारी बसले फक्त. आम्ही दोघं बराच वेळ ते बुडबुडे ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला तेव्हा तो बाहेर जाऊन पंधरा मिनिटं बोलला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. आई-बाबांनी घाबरून रडारड केली असेल, असं आम्हाला वाटलं होतं. दादा म्हणाला, ‘‘बाबा म्हणाले, सव्वीस वर्षांपूर्वी त्यांची कंपनी बंद पडली होती, तेव्हा त्यांनी आईला दोन महिने सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन सारसबागेत जाऊन बसायचे.’’ हे मला पहिल्यांदाच कळत होतं. दादालासुद्धा.

त्या दिवशी शीटमधले तीन रकाने उडाले. ‘पोर्टलंडच हवं’ हा रकाना तसा शेवटी गेला. तो गेल्यावर यादीत सिअॅटल आलं, ऑस्टिन आलं आणि पुणेही आलं.

नाव इंडिया

२९ व्या दिवशी बाटल्या भरल्या. बादलीच्या तळाशी बोटभर पिवळट थर पक्का बसला होता, यीस्ट आणि आमचा तो निसटलेला चोथा. नळी त्याच्या वर धरून बिअर काढली, एक कण हलला नाही. बाटल्या निघाल्या ४६. प्रत्येकीत फेसासाठी जरा साखर, वर बिल्ला.

४३ वा दिवस म्हणजे १२ ऑक्टोबर, आणि त्या दिवशी नेमका दसरा. आपट्याची पानं नव्हती, वहिनीनं अंगणातल्या मेपलची आणली. श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर संध्याकाळी दादानं पहिली बाटली उघडली. होमब्रूच्या बाटलीतही तळाला यीस्टचा पातळ थर असतो, म्हणून एका दमात सावकाश ओतायची आणि शेवटचा बोटभर घोट बाटलीतच ठेवायचा. ग्लास खिडकीशी धरला. पलीकडचं कुंपण दिसत होतं, थोडं धूसर. चव कडक कडू, मागून मोसंबी, आणि शेवटी जरासा माल्टचा गोडवा.

‘‘क्रिस्टल क्लिअर नाहीये,’’ मी म्हटलं.

‘‘नसू दे,’’ दादा म्हणाला. ‘‘मस्त आहे.’’

ती होती इंडिया पेल एल. हे नाव आपल्यामुळेच पडलंय. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनहून जहाजानं फिकट रंगाची बिअर हिंदुस्थानात यायची, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, कित्येक महिन्यांचा प्रवास करत. बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीचं नाव त्यात गाजलेलं. बिअर वाटेत टिकावी म्हणून हॉप सढळ हातानं घालायचे, पिंपातसुद्धा टाकायचे. म्हणजे ज्या चोथ्यासाठी आम्ही एवढा जीव काढला, त्यांना तो बिअरसोबतच हवा होता.

त्याच रात्री टेबलावर ठरलं. सिअॅटलच्या कंपनीत अजून दोन राउंड बाकी होते आणि साठ दिवसांच्या आत अर्ज दाखल होईल, असं तिथलं कुणी छातीठोक सांगत नव्हतं. पुण्यातल्या ऑफरला चार दिवसांत उत्तर द्यायचं होतं. पगार कमी, टीम मोठी, काम आवडीचं. वहिनीनं कागदावर दोन रकाने करायला घेतले, तर दादानं पेन बाजूला ठेवलं. ‘‘नको. आता ढवळायला नको. बसलंय सगळं.’’

मी १५ तारखेला निघाले, ते दोघं २६ ला. बाटल्या विकता येत नाहीत, बॅगेत एवढ्या मावत नाहीत. म्हणून उरलेल्या त्यांनी शेजाऱ्यांना, मित्रांना, आणि त्याच्याबरोबर घरी पाठवलेल्या टीममधल्या प्रत्येकाला दोन-दोन वाटल्या. इंडिया पेल एल राहिली ओरेगनमध्ये, आणि इंडियाला आला तो दादा.

सामानातून एकच वस्तू पुण्यात पोहोचली. ते नरसाळं, बारीक जाळीचं. आईला ते भलतंच आवडलं. धनत्रयोदशीच्या रात्री चकल्यांचं तळण झालं, आणि कढईतलं काळपट तेल गाळायला दादा तेच नरसाळं घेऊन उभा राहिला. आईनं त्याच्या हातातून कढई काढून घेतली, ओट्याच्या कोपऱ्यात सरकवली आणि वर ताटली झाकली.

‘‘उद्या सकाळी,’’ ती म्हणाली. ‘‘आधी खाली बसू देत.’’